पावणेदोन लाखांचा कोर्स आणि घोरणारं पोरगं

पत्र थोडक्यात असं. तालुक्याच्या गावात अकरा वर्षं क्लिनिक चालवणारी एक बीडीएस डेंटिस्ट लिहितेय (गाव आणि ओळख पटेल असं सगळं गाळलंय). चार वर्षांपूर्वी तिच्याकडे साडेपाच वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाढांसाठी यायचा, तोंड कायम उघडं, ओठ फाटलेले. तिने दाढा भरल्या, तोंडाने श्वास घ्यायची सवय सुटावी म्हणून ओरल स्क्रीन (ओठांच्या आत बसणारी, तोंडाने श्वास अडवणारी पट्टी) दिला, आणि मग ते लोक यायचेच बंद झाले. मागच्या महिन्यात त्याची आई धाकट्या मुलीला घेऊन आली आणि बोलता बोलता कळलं की मोठ्याचं ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) आणि टॉन्सिलचं ऑपरेशन जिल्ह्याच्या ठिकाणी झालं, आता रात्रभर शांत झोपतो. निघताना ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर रोज तोंडातच बघता, तुम्हाला तेव्हा दिसलं नाही का?" त्याच आठवड्यात हिने मोबाईलवर 'एअरवे डेंटिस्ट्री'चा एक फुकट वेबिनार ऐकला, मुलांचा जबडा लहानपणी रुंद केला की घोरणं, अंथरूण ओलं करणं, चंचलपणा सगळं जातं असं त्यात सांगितलं, आणि शेवटी कोर्सची जाहिरात. दोन वीकएंड, फी पावणेदोन लाख, स्टार्टर किटचे वेगळे. मिस्टरही डेंटिस्टच, ते म्हणतात ईएमआयवर करून टाक, नाहीतर चौकातला तो दुसरा डेंटिस्ट करेल. सासरे म्हणतात ईएनटीच्या कामात आपण नाक खुपसू नये. तिचा प्रश्न, कोर्स करू का? आणि त्याखाली, पेनाने खोडून पुन्हा लिहिलेला दुसरा प्रश्न, मी मुलांचं नुकसान केलं का?

---

तुला तू म्हणते, रागावू नकोस. तुझ्या वयाच्या कितीतरी पोरी माझ्या वर्गात बसून गेल्यात, तुम्ही-आम्ही करत बसले की सल्ला देण्याऐवजी व्हायवा घेतल्यासारखं वाटतं मला.

आधी त्या आईचं वाक्य. तू विचारलंयस कोर्सबद्दल, पण पत्रभर मला तेच ऐकू येत होतं. आणि खरं सांगू का, तुला दिसलं होतं गं. उघडं तोंड दिसलं, ओठ दिसले, वरच्या पुढच्या दातांच्या हिरड्या लाल असतील तर त्याही दिसल्या असतील, नावसुद्धा तू बरोबर दिलंस, माउथ ब्रीदिंग. फक्त तू त्याला सवय समजलीस. आणि सवय समजायला तुला शिकवलं कुणी, तर आम्हीच. पिडोचा, म्हणजे मुलांच्या दातांच्या विषयाचा, तो 'ओरल हॅबिट्स'चा चॅप्टर मी स्वतः पंचवीसेक वर्षं शिकवलाय, अंगठा चोखणं, जीभ पुढं ढकलणं, नखं खाणं आणि त्याच रांगेत तोंडाने श्वास घेणं. आता अंगठा चोखणाऱ्या पोराचा अंगठा काढून घेतला तर ते रडेल फारतर, पण ज्याचं नाक बंद आहे त्याचं तोंडही बंद केलं तर ते काय करेल? पुस्तकात हे लिहिलेलं असतं हं, नाही असं नाही, अडथळ्यामुळे, सवयीमुळे आणि ओठ आखूड म्हणून असे प्रकार असतात, अडथळा असेल तर ओरल स्क्रीन द्यायचा नाही हेही असतं. पण परीक्षेला आम्ही विचारायचो श्वास नाकाने चाललाय का तोंडाने हे ओळखायची आरशाची टेस्ट, पाण्याची टेस्ट, आणि कापसाच्या फुलपाखराची टेस्ट कुणाच्या नावाने आहे. मॅस्लरचं नाव सगळ्यांना पाठ, आणि खऱ्या पोराच्या नाकाखाली कापूस धरून बघितलेला एक इंटर्न मला आठवत नाही.

म्हणजे अपराधी वाटतच असेल तर त्यातला मोठा वाटा माझ्यासारख्यांकडे पाठवून दे. तुझ्या वाट्याला राहतो तो एक प्रश्न, "नाक मोकळं असतं का ह्याचं?", आणि ईएनटीसाठी एक चिठ्ठी. नुकसान किती झालं ते आज कुणीच सांगू शकत नाही, कारण साडेपाचव्या वर्षी त्याचं ॲडेनॉइड केवढं होतं हे कुणी पाहिलंच नव्हतं, बालरोगतज्ज्ञांनी नाही, शाळेच्या तपासणीत नाही आणि तू पण नाही. आईने हा प्रश्न तुला विचारला कारण तिच्या डोक्यात तू डॉक्टर आहेस, दाताची मेकॅनिक नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मलाही रात्री झोप लागली नसती, पण मी ते वाक्य शिव्या म्हणून घेतलं नसतं.

आणि हा आजार पुस्तकात उशिराच आला हे पण लक्षात घे. लहान मुलांना झोपेत श्वास थांबण्याचा आजार होतो, त्याला नाव आहे, निदान आहे, हे स्टॅनफर्डच्या क्रिस्तियन गिलेमिनो यांनी १९७६ साली आठ मुलांच्या केसेस छापल्या तेव्हापासून नीट बोललं जायला लागलं. माझे शिक्षक त्याआधी शिकलेले. ते जे शिकले ते त्यांनी मला शिकवलं, मी तुमच्या पिढीला.

आता वेबिनार. तुझ्या पत्रात एक साखळी आहे, ती तुझी नाही, तिकडून उचललेली आहे. जबडा लहान म्हणून श्वासाची वाट अरुंद, वाट अरुंद म्हणून घोरणं, घोरण्यामुळे झोप मोडते, झोप मोडते म्हणून पोरगं चंचल, मग जबडा रुंद केला की सगळं सुरळीत. ऐकायला इतकं छान बसतं की कुठली कडी किती पक्की आहे हे विचारायचं राहूनच जातं, आणि गंमत म्हणजे यातली एकही कडी साफ खोटी नाही, म्हणूनच तर अवघड आहे.

नाक बंद राहिलं तर चेहऱ्याच्या वाढीवर परिणाम होतो का? होऊ शकतो. एगिल हार्व्होल्ड यांनी १९७०च्या दशकात माकडांची नाकं सिलिकॉनच्या बुचांनी बंद करून बघितली (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही), तर जबडे आणि दातांची ठेवण बदलली. पण सगळ्यांची सारखी नाही बदलली, कुणी जीभ बाहेर काढून जमवलं, कुणी जबडा खाली पाडून, ज्याने जसं जमवलं तसं त्याचं तोंड झालं. शिवाय तिथं नाक पूर्ण बंद होतं, तुझ्या क्लिनिकमधल्या पोराचं असं क्वचितच असतं. स्वीडनमध्ये लिंडर-ॲरॉन्सन यांनी ॲडेनॉइडवाल्या मुलांची मापं घेतली, १९७०च्या आसपास, त्यांचे चेहरे सरासरीने लांबट आणि वरचा जबडा अरुंद निघाला. सरासरीने हं. तोंड उघडं ठेवणाऱ्या प्रत्येक पोराचा चेहरा लांब होत नाही, आणि लांब चेहऱ्याचं प्रत्येक पोरगं घोरत नाही. वेबिनारवाले 'सरासरीने' हा शब्द गाळतात, बाकी फारसं काही चुकीचं सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट वेबिनारमधले ते बिफोर-आफ्टरचे फोटो. तू लिहिलंयस की सात वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याखालची वर्तुळं सहा महिन्यांत गेलेली बघून तुझ्या अंगावर काटा आला. माझ्याही आला असता. पण २०१३ साली अमेरिकेत एक मोठी ट्रायल छापून आली, ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं, झोपेत श्वास अडकणारी, मात्र फार गंभीर केसेस त्यात घेतल्या नव्हत्या. अर्ध्यांचं ॲडेनॉइड-टॉन्सिल लगेच काढलं, अर्ध्यांना फक्त लक्ष ठेवून थांबवलं. सात महिन्यांनी परत स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची रात्रभराची तपासणी, केली तर ऑपरेशनवाल्यांपैकी ७९ टक्के मुलांची नॉर्मल आली. आणि काहीच न केलेल्यांपैकी? ४६ टक्के. जवळपास निम्मी पोरं! मग मला सांग, त्या काळात कुणी त्यांच्या तोंडात जबडा रुंद करायचं एखादं अप्लायन्स बसवलं असतं तर फोटो कुणाच्या नावावर गेले असते? त्याच ट्रायलमध्ये लक्ष लागण्याच्या चाचणीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता, मात्र वागणं, झोप, एकंदर दिवस कसा जातो हे ऑपरेशनवाल्यांचं जास्त सुधारलं असं पालकांनी सांगितलं. म्हणजे ऑपरेशनसारख्या थेट उपायालाही 'चंचलपणा गेला' असं छातीठोक म्हणता आलं नाही, आणि इथं दोन वीकएंडमध्ये शिकलेल्या, त्या अप्लायन्सच्या स्क्रूला म्हणायचंय.

तर मग डेंटिस्टने काहीच करू नये का? सासऱ्यांचं बरोबर का? अर्धं. निदान करणं आपलं काम नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे, अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ साली ह्या विषयावर धोरण काढलं त्यातही तेच आहे, निदान फिजिशियनने करायचं. पण त्याच धोरणात डेंटिस्टने प्रत्येक पेशंटमध्ये हे शोधायचं, विचारायचं, योग्य ठिकाणी पाठवायचं हेही आहे. तिकडच्या ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबडे जागेवर आणणाऱ्या) लोकांच्या संघटनेने २०१९ ला एक मोठा अहवाल काढला, त्याचं सार माझ्या भाषेत, शोधा जरूर, पाठवा जरूर, पण जबडा रुंद करायचा तर जबडा खरोखर अरुंद आहे म्हणून करा, फक्त घोरतो म्हणून करू नका. आणि सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्सरे, काढून त्यात एअरवे, म्हणजे श्वासाची वाट, लाल-निळा रंगवून दाखवला म्हणजे निदान झालं असं समजू नका, तो फोटो जाग्या पोराचा असतो, आजार झोपेतला आहे. बरं त्या रंगीत फोटोसाठी पोराच्या अंगावर रेडिएशन जातं ते वेगळंच.

आता मला जे म्हणायचंय ते म्हणते. तुला ट्रेनिंग हवंय हे शंभर टक्के खरं, फक्त ते कशाचं हवंय हे तू ठरवलंस का? अप्लायन्स बसवायचं ट्रेनिंग विकत मिळतं म्हणून तेच ट्रेनिंग असं आपल्याला वाटायला लागलंय. चार वर्षांपूर्वी त्या मुलाच्या बाबतीत तुला एक्सपान्शन, म्हणजे जबडा रुंद करणं, येत असतं तर काय झालं असतं? ओरल स्क्रीनच्या जागी तू स्क्रू बसवला असतास, जास्त पैसे घेतले असतेस, आणि ॲडेनॉइड तिथंच राहिलं असतं. त्या दिवशी कमी पडलं ते विचारणं, घशात बघणं, आणि एका माणसाला फोन करणं. याचं सर्टिफिकेट कुणी देत नाही.

विचारण्यापासून सुरू करू, कारण ह्यात खरी कला आहे आणि आम्ही ती कधीच शिकवली नाही. "घोरतो का?" असं विचारलंस तर दहातल्या आठ आया म्हणतील नाही हो, कारण आपल्याकडे घोरणं म्हणजे बापाचं, आजोबांचं, पोरगं घोरतं म्हणजे गाढ झोपलंय, दमलंय बिचारं. म्हणून तसं विचारू नकोस. विचार, शेजारच्या खोलीत आवाज येतो का? महिन्यातून एकदा सर्दीत येतो की आठवड्यातल्या बहुतेक रात्री? झोपेत मान मागे टाकून झोपतो का, बसल्या बसल्या झोपतो का, रात्रभर गादीभर फिरतो का? घामाने डोकं भिजतं का, पंखा चालू असून? सकाळी उशी लाळेने ओली असते का, उठल्या उठल्या डोकं दुखतं म्हणतो का? पाच वर्षांनंतर अंथरूण ओलं करतो का, मधे बंद झालं होतं आणि परत सुरू झालंय का? आणि शेवटी हळूच विचार, कधी त्याचा श्वास थांबल्यासारखा वाटून तुम्ही त्याला हलवलंय का? ह्या शेवटच्या प्रश्नाला आजी उत्तर देते, आई नाही, कारण बऱ्याच घरात पोरगं आजीजवळ झोपतं. आजी बाहेर बाकावर बसली असेल तर तिला आत बोलव. मला तर वाटतं अर्ध्या केसेस आजीनेच पकडल्यात.

हे सगळं कागदावर हवं असेल तर मिशिगनच्या चेर्विन यांची २२ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, २०००ची, जगभर वापरतात, त्यात साधारण ८ किंवा जास्त उत्तरं 'हो' आली की पुढं पाठवायचं. पण ती वाचून दाखवू नकोस, गप्पांत विचार.

मग बघणं. आरशाने दात बघतेसच, आरसा जरा मागे ने आणि जीभ दाबून टॉन्सिल बघ, ० ते ४ अशी ग्रेड असते, ४ म्हणजे दोन्ही जवळपास एकमेकांना टेकलेली. टाळू उंच आणि अरुंद आहे का, मागच्या दाढांचा क्रॉसबाइट आहे का (वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसतात तो), पुढचे दात मिटतात का. ओठ मिटून दोन मिनिटं बसवलं तर बसतं का, का डोळे मोठे करून तुझ्याकडे बघतं. आणि तो बिचारा कापूस, आता तरी धर एकदा नाकाखाली, एकेक नाकपुडी दाबून. ह्या सगळ्याला चार मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. आणि टॉन्सिल मोठं दिसलं म्हणजे आजार आहेच असं नाही, लहान दिसलं म्हणजे नाहीच असंही नाही, ॲडेनॉइड तर तुला तोंडातून दिसतच नाही, म्हणून विचारलेलं आणि बघितलेलं दोन्ही मिळूनच काय ते.

शंका आली तर आईबापाला सांग मोबाईलवर व्हिडिओ काढा. पहाटेच्या वेळी, शर्ट वर करून, छाती आणि चेहरा दोन्ही दिसेल असा, दोन-तीन मिनिटांचा, आवाजासकट. ईएनटीच्या डॉक्टरांना तुझ्या दहा ओळींपेक्षा हा व्हिडिओ जास्त सांगतो. आपल्याकडे मुलांची रात्रभराची स्लीप स्टडी पुण्या-मुंबईत किंवा मोठ्या शहरातच सहज होते, प्रत्येकाला शक्य नसतं, मग डॉक्टर लक्षणं, तपासणी, गरज पडली तर एक्सरे किंवा दुर्बीण ह्यावर ठरवतात. मात्र काही मुलं अशी आहेत की त्यांच्यात ऑपरेशनआधी स्लीप स्टडी व्हावी असं ईएनटीच्या गाइडलाइनमध्येच आहे, दोन वर्षांच्या आतली, खूप जाड असलेली, डाऊन सिंड्रोमची, चेहऱ्याची हाडं जन्मतः वेगळी असलेली, स्नायूंचा आजार असलेली आणि सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराची. नंदुरबार, गडचिरोलीकडून हे वाचणाऱ्या डेंटिस्टनी ते शेवटचं नाव लक्षात ठेवा.

चिठ्ठीबद्दल. तू लिहिलंयस, ईएनटीकडे पाठवलं की लोकांना वाटतं मॅडमचा कट असणार. वाटतंच, का वाटू नये, आपल्या धंद्याने कमावलेलं नाव आहे ते. म्हणून चिठ्ठीवर कुठल्याच डॉक्टरचं नाव लिहू नकोस, "ईएनटी तज्ज्ञांस" एवढं लिही, खाली काय काय दिसलं ते तीन ओळींत, आणि शेवटी एक ओळ, "आपलं मत कळवावं, त्यानुसार दातांची ट्रीटमेंट ठरवेन." लोकांना कुठं जायचं ते जाऊ दे. ह्या शेवटच्या ओळीने दोन गोष्टी होतात, पेशंट परत येतो, आणि ईएनटीवाल्याला कळतं की ही बाई केस सोडून देत नाहीये.

हा एक माणूस मिळणं, मला वाटतं हाच तुझा कोर्स. जिल्ह्याच्या ठिकाणचे एखादे ईएनटी, एखादे बालरोगतज्ज्ञ, एखादी ऑर्थोडॉन्टिस्ट. फोन कर, म्हण, महिन्यातून दोन शनिवार तुमच्या ओपीडीत कोपऱ्यात बसू का? बहुतेक जण हो म्हणतात, कारण आजवर कुणी विचारलेलंच नसतं. चार-सहा शनिवारांत तुला कळेल की कुठलं नाक ॲलर्जीचं, कुठलं ॲडेनॉइडचं, कुणाला ते फक्त स्प्रेवर ठेवतात आणि कुणाला लगेच ऑपरेशनची तारीख देतात, आणि का. ॲडेनॉइड साधारण तिसऱ्या ते सातव्या वर्षी सगळ्यात त्रास देतं आणि पुढं आकसत जातं, म्हणून "मोठा झाला की जाईल" हे आजीचं म्हणणं काही पोरांच्या बाबतीत खरंही ठरतं, पण कुणाला थांबवायचं आणि कुणाला थांबवायचं नाही हे पुस्तकातून येत नाही गं, बसूनच येतं. ऑर्थोच्या एमडीएसला, म्हणजे बीडीएसनंतरच्या पदवीला, तीन वर्षं उगाच लागत नाहीत.

एक्सपान्शनबद्दल माझं वाईट मत आहे असं समजू नकोस. जुनी आणि चांगली ट्रीटमेंट आहे, एमर्सन एंजल यांनी १८६० साली केली होती, नंतर लोक विसरले, १९६१ ला हास यांनी परत आणली. टाळूच्या मधला सांधा वयात येईपर्यंत उघडतो, आई घरी चावीने स्क्रू फिरवते, एका फिरवण्याला साधारण पाव मिलिमीटर. टाळू खरंच अरुंद असेल, क्रॉसबाइट असेल, तर कराच, आणि नाकाची खालची जमीन म्हणजेच टाळू, त्यामुळे काही पोरांना श्वासालाही फायदा होतो, इटलीच्या पिरेली यांनी २००४ साली ३१ मुलांवर तसं दाखवलंय, पुढेही काम झालंय. ऑपरेशन होऊनही थोडं घोरणं उरलेल्या, टाळू अरुंद असलेल्या पोरात तर मी स्वतः ऑर्थोकडे पाठवते. पण क्रम बघ, आधी नाक आणि घसा, मग टाळू. तुझा वेबिनार उलट्या बाजूने चढतो.

वेबिनारमधल्या बाकीच्या उपायांची जी यादी तू पाठवलीस त्यातलं पटकन, प्रत्येक पोराची जीभेखालची पट्टी लेझरने कापायची नाही, जिला खरा अडथळा आहे तीच. झोपताना पोराच्या तोंडाला चिकटपट्टी लावायची नाही, कुणी कितीही रील्स टाकल्या तरी. आणि ते तयार मिळणारे रबरी ट्रेनर सगळ्यांना एकच माप घेऊन विकायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र वेबिनारमध्ये बहुधा सांगितली नसेल आणि तुझ्या क्लिनिकमध्ये उद्या सकाळपासून लागू आहे. सिडेशन. घोरणाऱ्या, श्वास अडकणाऱ्या पोराला दाढेसाठी झोपेचं औषध दिलं तर धोका जास्त असतो. तू स्वतः देत नसशील, पण पाठवत असशील ना कुठंतरी? त्या चिठ्ठीत हे लिहायलाच हवं. केस पेपरवर ॲलर्जीच्या खाली एक ओळ छापून घे, "झोपेत घोरणं". शंभर कागदांचे किती पैसे होतील?

आता मिस्टर. त्यांची भीती खोटी नाही, चौकातला खरंच करेल आणि बोर्डावर 'एअरवे डेंटिस्ट' लिहील, वर्षभर त्याच्याकडे गर्दीही होईल. त्यांना एवढंच सांग की पैसे भरायच्या आधी आयोजकांना थोडं विचारून घेऊ. शिकवणाऱ्यांत ईएनटी किंवा बालरोगतज्ज्ञ आहे का? ज्या मुलांना फरक पडला नाही त्यांच्या केसेस दाखवणार का? कुणाला अप्लायन्स लावायचं नाही यावर किती वेळ देणार? आणि स्टार्टर किट कोर्सवालेच विकतायत का? शेवटच्याचं उत्तर तुला माहितीच आहे. अमेरिकेत मोठ्या माणसांचा जबडा पुढं वाढवतो म्हणून एक अप्लायन्स असंच कोर्समधून पसरलं, दात हलले, हाड गेलं म्हणून लोक कोर्टात गेले, २०२३ ला तिथल्या बातम्यांत ते गाजलं. बसवणारे डेंटिस्ट चोर नव्हते, वीकएंडला शिकून आलेले होते. चारही उत्तरं चांगली आली तर जरूर कर कोर्स, मी आडवी येणार नाही, पण आधी शनिवार, मग कोर्स. त्या शनिवारांनंतर तुला कोर्समध्ये उलटे प्रश्न विचारता येतील. सीडीई, म्हणजे डेंटिस्टच्या पुढच्या शिक्षणाचे, पॉइंट तर जवळच्या कॉलेजच्या पिडो विभागातल्या कार्यक्रमातही मिळतात.

सासऱ्यांनाही एक काम दे, ते गावात चार लोक ओळखत असतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी तुमच्याकडे अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येते, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला हा कार्यक्रम. त्या टीममधल्या डॉक्टरांना भेट, म्हण, एक दुपार तुमच्याबरोबर येते, दात बघते आणि हे घोरण्याचे चार प्रश्न कसे विचारायचे ते तुमच्या सिस्टरला दाखवते. एका दुपारीत तुझ्या क्लिनिकच्या सहा महिन्यांइतकी तोंडं बघून होतात.

जे आईबाप हे वाचतायत त्यांच्यासाठी एवढंच, आठवड्यातल्या बहुतेक रात्री पोरगं घोरत असेल तर घाबरू नका आणि चालवूनही घेऊ नका, बालरोगतज्ज्ञ किंवा ईएनटीला व्हिडिओ दाखवा. टॉन्सिल काढलं की प्रतिकारशक्ती जाते, आवाज जातो, हे घरोघरी ऐकू येतं, ते त्या डॉक्टरांनाच सरळ विचारा, लाजू नका. आणि डेंटिस्टने पहिल्याच भेटीत, कुणालाही न दाखवता, स्क्रूचं एस्टिमेट हातात ठेवलं तर घरी जाऊन विचार करतो म्हणा.

जाता जाता तुझ्या पत्रातली एक गोष्ट, तू तीनदा लिहिलंयस की ती आई काय बोलली, पण ती आली कशाला होती हे एकदाच, अर्ध्या ओळीत. धाकटीला घेऊन आली होती ती. मोठ्याच्या वेळी तुला दिसलं नाही असं जिला वाटतं ती बाई दुसरं पोरगं घेऊन तुझ्याच खुर्चीत आली. धाकटी किती वर्षांची आहे ते तू लिहिलं नाहीस. तोंड मिटून बसते का ती? कापूस धरलास का? पुढची अपॉइंटमेंट कधीची आहे ते बघ, आणि आजी घरी असेल तर तिलाही घेऊन यायला सांग.